ग्रीष्मांतील डोह आणि मत्स्यविनोद

गळ टाकून मासे धरणें हा विषय आपल्या शाकाहारी घरांतून सहसा निघत नाहीं. तथापि संस्कृत वाङ्मयास तो अपरिचित नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें स्वतंत्र प्रकरण असून माशांच्या जाती, त्यांचें खाद्य, दोरी व गळ यांचें त्यांत विवेचन आहे.

पाश्चात्त्य देशांत या विनोदाचा एक प्रकार म्हणजे पिसांची कृत्रिम माशी गळास बांधून पाण्यावर टाकणें. तेथील डोंगरी नद्यांतला ट्राउट मासा थंड पाण्याचा; पाणी तापलें कीं तो व्याकुळ होतो. म्हणून अमेरिकेंतील मोंटाना राज्यांत नदी फार तापल्यास दुपारीं दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकण्यास बंदी करितात.

आमच्या परभणी जिल्ह्यांत ट्राउट नाहीं. परंतु वैशाखांत गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या पात्रांत जें घडतें त्याचें कारण तेंच आहे. पारा ४० अंशांवर जातो, प्रवाह तुटतो व डोह तेवढे उरतात. २० अंशांच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरतो. ३० अंशांस तो साडेसातांवर येतो. उलट उष्णतेनें माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. शेवाळ दिवसा प्राणवायु सोडतें, रात्रीं तेंच तो घेतें. त्यामुळें सूर्योदयापूर्वीं डोहांत प्राणवायु अत्यल्प उरतो. पहाटे मासे वर येऊन तोंडें उघडमीट करितात, ती क्रीडा नव्हे. तो श्वासासाठीं चाललेला आकांत होय.

अशा वेळीं मासा जाळ्यांत सहज सांपडतो. परंतु रोहू, कटला यांच्या माद्या याच सुमारास अंड्यांनीं भरूं लागतात व पावसाळी पुरांत अंडीं घालतात. वैशाखांत एक मोठी मादी गेली, म्हणजे आषाढांतील लक्षावधि अंडीं गेलीं. सुरुंग अथवा विष वापरून मासे मारणें हा ब्रिटिश हिंदुस्थानांत १८९७ सालींच अपराध ठरला होता. पण इंजिनें लावून डोह तळापर्यंत उपसला, तर त्याहि वाचून तोच परिणाम होतो. शेतकऱ्याचें पीक तहानलेलें असतें, हें खरें. भोयांचें पोट नदीवर चालतें, हेंहि खरें. तरी प्रत्येक गांवानें आपला एक खोल डोह मृगापर्यंत राखिला, तर पुढील वर्षाचें बीज राहील आणि त्यांत दोघांचेंहि हित आहे.

आपल्या घरांसाठींहि एक गोष्ट सांगावीशी वाटते. गंगेवर माशांस कणकेच्या गोळ्या घालणें पुण्यप्रद मानितात. वाहत्या पाण्यांत त्यास हरकत नाहीं. पण साचलेल्या डोहांत उरलेली कणीक आणि निर्माल्य कुजतें व कुजतांना उरलासुरला प्राणवायु शोषून घेतें. दान करावयाचें तें याचकाच्या प्राणावर बेतूं नये. शतपथ ब्राह्मणांतील कथेंत मनूनें इवल्या मत्स्यास प्रथम घटांत, मग खड्ड्यांत आणि शेवटीं समुद्रांत नेलें. वाढत्या जीवास पुरेसें पाणी दिलें. उन्हाळ्यांत माशांस आपल्याकडून हवें आहे तें एवढेंच.