पांझरेच्या काठची फड पद्धत

धुळे-साक्री भागात गेलात तर पांझरा नदीवरचे जुने दगडी बंधारे जरूर बघा. मोसम आणि आराम नद्यांवरही असे बंधारे आहेत. त्यांच्यावर तीनेकशे वर्षांहून जुनी फड पद्धत उभी राहिली. माझ्या मते महाराष्ट्रातली ही सर्वांत शहाणी पाणीव्यवस्था!

बंधाऱ्यातून पाटाने पाणी शिवारात येतं, तेही निव्वळ उताराने. शिवाराचे मोठे भाग पाडलेले असतात, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी पिकांची फेरपालट करायची. एका फडात ऊस असला, तर दुसऱ्यात कमी पाण्याचं पीक. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी झळ सगळ्यांना सारखीच बसते. पाणी सोडायला पाटकरी, पिकांच्या राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला पूर्वी धान्यातून मिळे. कारभार गावच्या पंचांकडे.

पण ज्याला जमीनच नाही, त्याला यात वाटा नव्हता. ही उणीव १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी भरून काढली. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरलं. भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि ऊस बंद झाला.