टाकी रुसली की नासली?

सभासद बंधूंनो, गेल्या पौषात आपल्या डिस्टिलरीची एक टाकी भरल्यावर दहा-बारा तास गप्प बसली. ना फेस, ना बुडबुडा. गेटवर गाड्यांपाशी लगेच बोलणे सुरू झाले, "मळी वाया गेली, आता शेवटचा हप्ता कापणार!" चार-पाच सभासद आमच्याकडेही येऊन गेले. आमचे खाते उसाचे, टाकीचे नव्हे. पण चौकशीअंती यात उसाचाही हात निघाला, म्हणून हे लिहितो आहोत.

त्याच सुमारास आम्ही माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे शहापूरकडे नातलगांकडे गेलो होतो. तिकडच्या पाड्यांवर मोहाची फुले वाळवून ठेवतात. एका म्हाताऱ्या बाबांना सहज विचारले. म्हणाले, "उन्हाळ्यात फुलं भिजवली का लगोलग फसफसतात. थंडीत मडकं रुसतं. चुलीजवळ ठेवायचं नि वाट बघायची. सारखा हात घालायचा नाय." हातभट्टी १९४९ च्या दारूबंदी कायद्याने बंद आहे, तिचे गुणगान आम्हांस करायचे नाही. पण परत आल्यावर हे बोलणे केमिस्टसाहेबांना सांगितले, तर ते हसून म्हणाले, "शास्त्र हेच आहे."

यीस्ट हा जिवंत जीव. पाणी घालून पातळ केलेल्या मळीत सोडल्याबरोबर तो अल्कोहोल करू लागत नाही. आधी नव्या जागेला रुळतो, पाण्यात विरघळलेली हवा घेतो, एकाचे दोन, दोनाचे चार होतो; मग फेस दिसतो. तीस-बत्तीस अंश उष्णता त्याला मानवते. गारठा असला, मळी दाट राहिली किंवा यीस्ट जुने वा थोडे पडले, की हा वेळ लांबतो. म्हणूनच ते आधी काचेच्या चंबूत, मग लहान भांड्यात वाढवून मोठ्या टाकीत सोडतात. आपले मूलभूत, पायाभूत, प्रमाणित बेणे तरी दुसरे काय आहे? थंडीत लावलेल्या सुरू उसाचे डोळेही उशिरा फुटतात. म्हणून कोणी कांड्या उकरून फेकत नाही.

केमिस्टसाहेबांनी थेंबभर मळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. यीस्ट जिवंत होते, वाढतही होते. टाकीला थोडी ऊब दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी फेस काठाला आला.

पण त्याच आठवड्यात दुसरी टाकी खरोखरच नासली. तिला आंबूस, झोंबणारा वास होता. यीस्ट रेंगाळले की इतर जंतूंना रान मोकळे मिळते. ते साखर खाऊन आम्ल करतात. फ्रान्समध्ये लील शहरी १८५६ साली बीटापासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या अशाच आंबट होत होत्या. त्याने लुई पाश्चर यांना बोलावले. त्यांना चांगल्या टाकीत गोल यीस्ट दिसले, नासलेल्या टाकीत बारीक काड्यांसारखे जंतू.

आपल्याकडे ते कोठून आले? टाक्यांची धुलाई नीट झाली होती का, हे डिस्टिलरीवाल्यांनी पाहावे, आणि ते पाहिलेही. पण त्या मळीत आम्लाचे प्रमाण आधीच जास्त निघाले. त्या दिवसांत टोळ्या कमी होत्या आणि जळिताचा ऊस तीन-तीन दिवस फडात पडून मग गव्हाणीत आला होता. तोडलेला वा जळालेला ऊस शिळा होऊ लागला, की त्यात जंतू वाढतात, साखर घटते, आम्ल वाढते. गाळपात हे सगळेच जात नाही, काही मळीत उतरते आणि यीस्टला बाधते.

आम्ही गटवार तोडणीच्या नोंदी पाहिल्या आहेत. नावे येथे छापत नाही. येत्या हंगामात जळीत झाले, तर त्याच दिवशी गट कार्यालयात कळवावे. तेवढ्यापुरती टोळी फिरवण्याचे आम्ही पाहतो.