दहा सेंटांची चित्रसृष्टी: अमेरिकी कॉमिक बुकांच्या दोन दशकांचा मागोवा

अमेरिकी कॉमिक बुक, म्हणजे चौकटींत मांडलेल्या चित्रकथांचे स्वस्त रंगीत नियतकालिक, आरंभी वृत्तपत्रांतील चित्रमालिकांच्या पुनर्मुद्रणावर उभे होते. १९३४ साली सुरू झालेल्या ‘फेमस फनीज’ने अशा अंकासाठी दहा सेंट मोजणारा वाचकवर्ग आहे हे दाखवून दिले. जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’मध्ये जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन अवतरल्यावर तर नव्या कथांची मागणी झपाट्याने वाढली. त्या निर्मात्यांना सुपरमॅनच्या हक्कांसह पहिल्या कथेचे मिळाले ते अवघे १३० डॉलर. या व्यवसायाने कलावंताची किंमत काय लावली होती, हे त्या रकमेवरून कळते.

वाढती मागणी पुरवण्यासाठी ‘शॉप’ नावाची व्यवस्था रूढ झाली. विल आयस्नर आणि जेरी आयगर यांनी १९३६ साली स्थापन केलेल्या शॉपसारख्या चित्रशाळांत एकाच पानावर कथाकार, पेन्सिलीने रेखाटणारा, शाई भरणारा, संवादफुग्यांतील अक्षरे लिहिणारा असे अनेक हात फिरत आणि तयार पाने प्रकाशकांना पुरवली जात. मोबदला पानामागे ठरे आणि अनेक कथांवर चित्रकाराचे नावही नसे. मात्र ज्या अनास्थेमुळे कलावंतांचे शोषण झाले, त्याच अनास्थेमुळे त्यांना मोकळीकही मिळाली. प्रतिष्ठित प्रकाशनांनी दारातही उभे केले नसते असे विक्षिप्त, अशिक्षित किंवा अकाली चित्रविचार येथे बिनबोभाट छापले गेले.

फ्लेचर हँक्स हे याचे सर्वांत टोकाचे उदाहरण. त्याची कारकीर्द १९३९ ते १९४१ एवढीच असली, तरी लेखन, रेखाटन, शाई आणि अक्षरलेखन तो एकहाती करीत असल्याने त्याचे पान इतर कोणाचे वाटत नाही. त्याच्या स्टारडस्ट या महाजादूगाराच्या कथांत गुन्ह्यापेक्षा शिक्षेलाच अधिक जागा मिळते: एका कथेत खलनायकाचे केवळ प्रचंड डोके उरते आणि ते अवकाशातील एका बिनमुंडक्याच्या राक्षसाकडे भिरकावले जाते. त्याची जंगलरक्षक फँटोमा क्रुद्ध होताच तिच्या सोनेरी केसांखालचा चेहरा कवटीत बदलतो. आखडलेल्या शरीररचना, सपाट पार्श्वभूमी आणि कठोर नीतिन्याय यांतून भयस्वप्नाला शोभेल अशी सुसंगती निर्माण होते, आणि तिचे श्रेय अपघाताला देता येत नाही.

इतरांची वाट वेगळी होती. जॅक कोलने १९४१ साली निर्माण केलेला प्लॅस्टिक मॅन खुर्ची, गालिचा अशी कोणतीही वस्तू बनतो, पण त्याच्या पोशाखाचा लाल रंग त्याला ओळखू देतो, त्यामुळे चौकटीत नायक शोधणे हाच वाचकाचा खेळ होतो. बेसिल वुल्व्हर्टनने कुरूपतेला सुबक, काटेकोर रेषांची शिस्त दिली. कृष्णवर्णीय चित्रकार मॅट बेकर आणि व्हिएन्नाहून नाझी राजवटीतून निसटलेली लिली रेने यांनाही याच बाजारात काम मिळाले. डोनाल्ड डकच्या कथा रचणारा कार्ल बार्क्स तर वर्षानुवर्षे निनावी राहिला, तरी वाचकांनी त्याची रेषा ओळखून त्याला ‘चांगला बदकचित्रकार’ म्हणून वेगळे काढले होते.

या काळाचे कलात्मक शिखर ‘ईसी’ या प्रकाशनगृहाच्या अंकांत दिसते. बर्नार्ड क्रिगस्टीनची ‘मास्टर रेस’ ही १९५५ सालची कथा सहा पानांसाठी ठरली होती, पण त्याने हट्टाने ती आठ पानांवर नेली. छळछावणीचा माजी अधिकारी आणि त्याला ओळखणारा माणूस भुयारी रेल्वेत समोरासमोर येतात, आणि पाठलागाच्या शेवटी अधिकारी रुळांवर कोसळतो. तो क्षण क्रिगस्टीन अरुंद चौकटींत चिरत नेतो, धावत्या गाडीच्या खिडक्यांतील चेहरे पुनरावृत्त करून वेग दाखवतो. चौकटीची रुंदी हे काळाचे माप होऊ शकते, हे येथे लख्ख दिसते.

तोवर वारे फिरले होते. मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ आणि सेनेटच्या उपसमितीची सुनावणी, दोन्ही १९५४ सालची. त्याच वर्षी प्रकाशकांनी ‘कॉमिक्स कोड’ ही स्वनियंत्रणाची संहिता स्वीकारली आणि शीर्षकांतून भयसूचक शब्द, कथांतून रक्तपिपासू प्रेते हद्दपार झाली. मुलांविषयीची चिंता खोटी नव्हती, मात्र उपाय सरसकट होता: बीभत्स नक्कल आणि धाडसी प्रयोग एकाच कात्रीने कापले गेले.

पुढे संग्राहक, अभ्यासक आणि व्यंगचित्रकारांनी जुने अंक चाळून रेषांवरून हात ओळखले. पॉल करासिकने २००७ साली हँक्सच्या कथांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा विसरलेली पाने नव्या वाचकांपुढे आली. या पानांकडे केवळ गमतीदार विचित्रपणा म्हणून पाहणे हा त्या कलावंतांवर दुसरा अन्याय ठरेल. मोबदला तुटपुंजा, कागद हलका आणि मुदत जवळ असतानाही त्यांनी प्रत्येक चौकट स्वतःच्या दृष्टीने पाहिली. म्हणून त्यांचा गौरव करताना विक्षिप्तपणाचे कौतुक पुरेसे नाही. रेषा, रचना आणि चौकटींचा क्रम यांवर त्यांनी घेतलेले निर्णय तपासणे, आणि ते कोणी घेतले हे नावानिशी नोंदवणे, ही मागोवा घेणाऱ्याची पहिली जबाबदारी होय.