पीसीबी डिझाइन शिकायचंय? मग सॉफ्टवेअर महागडं घ्यायचं की फुकटचं?

जवळा बाजार ज्या औंढा नागनाथ तालुक्यात येतं, त्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा ठिकाणी लेझर आणि आरसे सांभाळायला कितीतरी सर्किट बोर्ड लागतात. समजा, तुम्ही याच भागातले विद्यार्थी आहात आणि तुम्हालाही बोर्ड डिझाइन करायचेत. मग अल्टियमसारखं व्यावसायिक सॉफ्टवेअर शिकायचं, की किकॅडसारखं फुकट, ‘हौशी’ लोकांचं?

मूळ काम दोन्हीकडे एकच. सर्किटची आकृती काढायची, बोर्डवर पार्ट मांडायचे, तांब्याच्या ट्रॅकने जोडायचे आणि गर्बर फाईल्स कारखान्याला पाठवायच्या. त्या कुठल्या सॉफ्टवेअरमधून आल्या याच्याशी कारखान्याला देणंघेणं नसतं.

फरक पडतो तो वेगात. बोर्डवर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंमी जातो. हळदीच्या रानात ओल मोजायला १६ मेगाहर्ट्झचा मायक्रोकंट्रोलर लावला, तर त्याचा एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात सिग्नल नऊ मीटर जाईल. त्यामुळे दोन ट्रॅकच्या लांबीत दोन सेंमी फरक असला तरी काही बिघडत नाही. पण डीडीआर४-३२०० मेमरीत एक बिट जेमतेम ०.३१ नॅनोसेकंद टिकतो, म्हणजे अंतरात पाच सेंमीपेक्षा कमी. तिथे तेवढाच फरक मेमरी बंद पाडू शकतो. असल्या चुका बोर्ड बनण्याआधी सिम्युलेशनने पकडायच्या आणि मोठ्या टीमने एकत्र काम करायचं, यासाठी कंपन्या लाखो रुपये मोजतात.

किकॅडला नुसतं हौशी म्हणणं मात्र आता जुनं झालं. ज्याँ-पिएर शारास यांनी ते १९९२ मध्ये सुरू केलं. पुढे युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने त्यात मोठी भर घातली. नवा ट्रॅक ओढताना आधीचे ट्रॅक आपोआप बाजूला सरकतात, ती सोय त्यांचीच.

शिकणाऱ्याला खरा धोका आहे तो आपलं काम अडकण्याचा. ईगल हे हौशी मंडळींचं लाडकं सॉफ्टवेअर. ऑटोडेस्कने ते २०१६ मध्ये विकत घेतलं आणि पुढे ७ जून २०२६ पासून बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे वर्षानुवर्षांच्या फाईल्स दुसरीकडे हलवणं आलं. किकॅड त्या उघडतं, एवढं बरं.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ‘ईसिम’ तयार केलंय. त्यात किकॅड आणि सर्किट तपासणारं एनजीस्पाइस एकत्र आहेत. पैसे लागत नाहीत, लायसन्स संपत नाही.

म्हणून सुरुवात इथून करा. आधी साधा दोन थरांचा बोर्ड काढा, करंट ग्राउंडमधून कुठल्या वाटेने परततो ते बघायची सवय लावा. हे जमलं की नोकरीत अल्टियम समोर आलं, तरी फक्त बटणं नवी शिकावी लागतील.