एकाच गिऱ्हाइकासाठी डिस्क

२००७ साली भारतात मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने सिनेमाच्या डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. दोनच वर्षांनी अमेरिकेत वॉर्नर या चित्रपट कंपनीने जुन्या, दुर्मीळ चित्रपटांची डिस्क मागणी आली की बनवून द्यायला सुरुवात केली. दर, जवळपास २० डॉलर! ही लूट वाटते, पण हिशेब वेगळा आहे.

कारखान्यात साच्याने दाबून प्लास्टिकमध्ये सूक्ष्म खळगे उमटवतात. साचा महाग, पण लाखभर प्रतींत तो खर्च विरून जातो. दुर्मीळ चित्रपटाला गिऱ्हाइकंच मोजकी; तिथे साचा परवडत नाही. मग कोऱ्या डिस्कमधल्या रंगद्रव्याच्या थरावर लेझरने खुणा उमटवायच्या. खरा खर्च मात्र जुनी प्रिंट साफ करून स्कॅन करण्याचा. समजा, त्यावर दोन लाख गेले आणि दोनशे प्रती खपल्या, तर प्रत्येकीवर हजार रुपये आधीच चढले.

एवढे पैसे मोजून घेतलेली डिस्क श्रीवर्धनसारख्या समुद्रकाठच्या गावी आणलीत, तर जपा. ते रंगद्रव्य सेंद्रिय असतं. ऊन, उष्णता आणि दमट हवा त्याला मानवत नाही. खिडकीजवळच्या फळीवर ठेवू नका, कपाटात उभी ठेवा. आणि नाव लिहायचंच, तर मधल्या पारदर्शक कड्यावर.