नातीची तोंडी परीक्षा आणि आजीचा गुडघा

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. ते गिरणीत काम करण्यासाठी मुंबईला गेले. आज अशाच गावातील एखादी मुलगी पवईच्या आयआयटीत मटेरियल सायन्समध्ये पीएच.डी. करण्यासाठी जाते. घरच्यांना वाटते, प्रवेश मिळाला, गंगेत घोडे न्हाले. मग एके दिवशी फोनवर तिचा आवाज उतरलेला ऐकू येतो, ‘आजी, क्वालिफायर आहे. तोंडी.’

अभ्यासक्रमाचे विषय झाले की काही प्राध्यापक उमेदवाराला फळ्यापाशी उभे करतात. लोखंड-कार्बनची आकृती काढा, तापलेले पोलाद पाण्यात बुडवल्यावर कठीण का होते ते सांगा, आणि प्रत्येक उत्तरामागून पुन्हा ‘का?’ ज्ञानाची हद्द कुठे संपते हे पाहण्याचीच ती रीत आहे. त्यामुळे ‘ठाऊक नाही, पण असा विचार करता येईल’ हे उत्तर तेथे कमीपणाचे नसते. पहिल्या खेपेस न जमल्यास बहुतेक ठिकाणी आणखी एक संधी मिळते. तीही गेली तर मात्र पीएच.डी. सोडावी लागू शकते. तेव्हा ‘त्यात काय एवढे?’ असे कृपया म्हणू नका.

त्याऐवजी तिला तुम्हालाच शिकवू द्या. तुमचा गुडघा बदललेला असेल तर उत्तमच! त्यात बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू आणि पॉलिएथिलीनची गादी असते. विचारा, ‘खुब्याच्या सांध्यात टायटॅनियम का घालतात, स्टील का नाही?’ ती सांगेल की स्टीलचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सुमारे ११० आणि हाडाच्या कठीण भागाचा साधारण २०. धातू फार ताठ असला की भार तोच पेलतो, आणि भार न पडलेले हाड हळूहळू विरळ होते. तुम्हाला पटेपर्यंत ‘का?’ विचारत राहा. तोंडी परीक्षेची तयारी तोंडानेच होते. तीच पाने दहादा वाचून ती होत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. धडधड थांबावी म्हणून आपल्या डब्यातील रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी तिला देऊ नका. प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधाने दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकतो. झोपेच्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळते. आदल्या रात्रीची पुरेशी झोप हेच औषध, कारण वाचलेले मनात पक्के होण्यास झोपेचीही मदत होते. म्हणून रात्री दहानंतर मायेपोटीही फोन नको.

आणि तुमचे काय? परीक्षेच्या दिवशी देवापाशी बसा, पण स्वतःची गोळी आणि जेवण चुकवू नका. फोन तिलाच करू द्या. प्राध्यापक मंडळी रंगली की तासाचे दोन तास होतात.