दुखतंय की दुखत होतं?

मिरजेतला एक क्लास, दुपारची वेळ. बाकांवरच्या बहुतेक जणी रात्रपाळी करून थेट आल्या आहेत. ब्रिटन, आयर्लंड किंवा ऑस्ट्रेलियात नर्स म्हणून नोंदणी करायची, तर इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं. त्यासाठी ही ओईटीची तयारी चालली आहे. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी घडवलेली ही परीक्षा. बोलण्याच्या भागात हातात एक कार्ड येतं. ते वाचायला तीन मिनिटं, मग समोरच्या ‘पेशंट’शी पाच मिनिटं संवाद.

आज पेशंट मॅडमच आहेत. वय बासष्ट, छातीत दुखतंय. कवठे महांकाळची सिस्टर खुर्ची पुढे ओढते.

“सिन्स हाऊ मेनी डेज यू आर हॅविंग पेन?”

मॅडम उठून फळ्यावर दोन वाक्यं लिहितात. ‘हाऊ लाँग हॅव यू हॅड धिस पेन?’ आणि ‘हाऊ लाँग डिड यू हॅव धिस पेन?’

“पहिल्यात दुखणं अजून चालू आहे. दुसऱ्यात थांबलंय. तू काय विचारतेयस?”

वर्ग एकदम जागा होतो. छातीतली कळ या क्षणी आहे की सकाळी येऊन गेली, यावर पुढची घाई ठरते, हे यातल्या प्रत्येकीला वॉर्डातून पक्कं ठाऊक आहे. शाळेत पूर्ण वर्तमानकाळाची रूपं घोकून घेतली, पण तो कुणाला आणि कशासाठी विचारायचा, हे कुणी सांगितलं नाही. मला ही शिकवण्यातली मोठी उणीव वाटते.

आता ॲलर्जी. “यू डोन्ट हॅव एनी ॲलर्जी, नो?”

“येस,” मॅडम मुद्दाम म्हणतात आणि थांबतात. “काय लिहिशील आता?”

सिस्टरचं पेन कागदावर अडतं. आपल्याकडे ‘ॲलर्जी नाही ना?’ला ‘हो’ म्हटलं, की नाही हे पक्कं झालं. इंग्रज पेशंटच्या ‘येस’चा अर्थ मात्र ‘आहे’ असा निघू शकतो. प्रश्न सरळ हवा: ‘आर यू अलर्जिक टू एनीथिंग?’ पेशंट पेनिसिलिन म्हणाला, की लगेच पुढचा: घेतल्यावर काय झालं होतं? पुरळ, धाप, की नुसती मळमळ? तीनही उत्तरं वेगळी नोंदवायची.

शब्दही बदलतात. ‘मोशन झाली का’ इथे चालतं, तिथे ‘हॅव यू ओपन्ड युवर बोवेल्स?’ हातापायांना मुंग्या म्हणजे ‘पिन्स अँड नीडल्स’. वह्या भराभर भरतात.

सिस्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. “व्हेन डिड द पेन स्टार्ट?” मग कार्डावर नसलेला प्रश्न: “इज इट स्टिल देअर नाऊ?”

“येस. इट्स गोइंग अप टू माय जॉ.”

“आय विल टेक ईसीजी.” ती उठायलाच लागते.

“बस आधी,” मॅडम म्हणतात. “बरोबर ओळखलंस. पण मी घाबरलेय. ईसीजी म्हणजे काय, तो कशासाठी, दुखेल का, हे मला सांग. मग ऊठ.”